तिसरी काकू

मला एकूण चार काकू. त्यांतली तिसरी रुईचं झाड होती. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. रीतसर लग्न लागलं होतं, अंतरपाट धरला होता, अक्षता पडल्या होत्या, आणि नवरदेवानं, म्हणजे माझ्या नानाकाकानं, उपरण्याच्या आत लोकरी बनियान घातलं होतं, कारण मार्गशीर्षातली सकाळ होती आणि नागपूरच्या थंडीला नवरदेवाची कीव येत नाही. परवा आमच्या शेजारच्या नव्या अपार्टमेंटमधला एक तरुण गळ्यात कॅमेरा अडकवून फाटकाशी आला आणि म्हणाला, "आजी, ही रुई कापू नका हं. आपल्याकडचं मूळचं झाड आहे, यावर फुलपाखरं जगतात." मी म्हटलं, "बाबा रे, ती माझी काकू लागते." तो समजूतदारपणे हसला. या वयात काहीही बोललं तरी लोक समजूतदारपणे हसतात, म्हातारपणाचा तेवढा एक फायदा आहे.

सक्करदऱ्याच्या पुढे आता जिथे उड्डाणपुलाखाली मोबाइलची आणि मोमोची दुकानं आहेत, तिथे त्या काळी मोकळे प्लॉट होते आणि त्यांत एकेकटी घरं. आमचं घर तीन खोल्यांचं, पुढे टिनाची पडवी, मागे विहीर. घरात आईबाबा, मी, नानाकाका आणि आत्या. आत्या ही बाबांची आणि काकाची मोठी बहीण. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी परत आली, दोन्ही भावांना तिनंच वाढवलं, आणि त्या बदल्यात घराचा सगळा कारभार स्वतःकडे ठेवला. सकाळी सगळ्यात आधी तिच्या पाटावरवंट्याचा आवाज, मग बाबांचा रेडिओ, मग काकाच्या सायकलची साखळी, या क्रमानं आमचा दिवस उजाडायचा. आईचा आवाज त्यात शोधावा लागे. ती हळू बोलायची, पण जे बोलायची ते झोंबायचं.

फाटकाच्या कोपऱ्यात रुई होती. ती कोणी लावली नव्हती. रुई कोणी लावत नाही, ती येते. म्हातारी उडत उडत कुठून तरी येऊन पडते आणि पुढच्या वर्षी तिथे माणसाच्या उंचीचं झुडूप उभं असतं, जाड राखी पानांचं, जांभळट मेणाच्या फुलांचं. बकरीसुद्धा तोंड लावत नाही, म्हणून लोकांना वाटतं हे झाड कोणाच्याच कामाचं नाही. आमच्याकडे मात्र त्याच्यावर हक्क सांगणाऱ्यांची गर्दी होती. फुलांवर काळे जाडजूड भुंगे दिवसभर घूं घूं करत. लांब वाकड्या चोचीचा चिमुकला चमकदार पक्षी, ज्याला पुस्तकात शिंजीर म्हणतात, तो सकाळी हजेरी लावून जाई. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा, माव्यावर ठिपक्यांचे लाल किडे आणि मुंग्या. आणि पानांवर अळ्या. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, अंगावर सहा काळी शिंगं मिरवणाऱ्या, इतक्या सजलेल्या की अळी असल्याची त्यांना लाज म्हणून नव्हती. रुईचं दूध विषारी. पण ही अळी आधी पानाची शीर कुरतडून दूध वाहून जाऊ देते आणि मग निवांत जेवायला बसते. शाळेतून आले की मी दप्तरासकट तिथे उकिडवी बसून हे जेवण बघायची, आणि आई म्हणायची, "तिचं झालं असंल तर तूही येऊन जेव."

आत्याचं आणि अळ्यांचं मात्र हाडवैर. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ लागे, तीही अखंड पानांची. छिद्र पडलेलं पान देवाला चालत नाही. शिवाय रोज संध्याकाळी तेल लावून शेकलेली दोन पानं आत्याच्या गुडघ्यांना लागत, आणि गुडघ्यांच्या बाबतीतही ती देवाइतकीच चोखंदळ होती. त्यामुळे रोज सकाळी ती चिमटा घेऊन एकेक अळी उचलायची आणि कुंपणापलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर भिरकावायची. दुसऱ्या दिवशी केशरी फुलपाखरं येऊन पुन्हा अंडी घालून जात. दोन्ही पक्ष चिकाटीचे होते आणि म्हणून आमच्या रुईला ना फार पानं, ना अगदीच कमी, असं बरं चाललं होतं.

आता नानाकाकाबद्दल. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली, बाळासकट. दुसरी मला थोडी आठवते, तिच्या हातचा गोळाभात आठवतो. ती काविळीनं गेली. त्यानंतर काका कचेरीत जायचा, परत यायचा, सायकल पुसायचा. एवढी सायकल पुसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. असं बरीच वर्षं चाललं आणि मग एकदा कामानिमित्त त्याच्या रामटेकच्या फेऱ्या वाढल्या. पान न खाणारा आमचा काका तोंड लाल करून घरी येऊ लागला. "रामटेकचं पान चांगलं असते," असं तो कोणी न विचारता सांगायचा. आई म्हणाली, "पान चांगलं असंल हो, पण देणारं कोण आहे ते सांगा." तेव्हा कळलं की तिथल्या शाळेत सुमनबाई नावाच्या मास्तरीणबाई आहेत, भावंडांची शिक्षणं करता करता लग्नाचं वय मागे टाकलेल्या, आणि दोघांचं जवळजवळ ठरलंच आहे.

आत्याला आनंद झाला आणि त्याच क्षणी धसका बसला. "तिसरी टिकत नसते," ती म्हणाली. दोन्ही काकूंच्या उशाशी शेवटपर्यंत तीच बसली होती. मी आज तिच्यावर कितीही विनोद केले तरी हे विसरता येत नाही. तिची भीती पोथीतून आलेली नव्हती, डोळ्यांनी पाहिलेली होती. पोथी आली ती आमच्या गुरुजींकडून. त्यांनी पडवीत बसून, चहाच्या दोन कपांमध्ये, तोडगा सांगितला. "शास्त्रात यास अर्कविवाह म्हणतात. तृतीय विवाह अर्काशी, म्हणजे रुईशी लावावा. अरिष्ट तिच्यावर जाते. पुढे येणारी वधू चतुर्थ ठरते, तिला काही बाधा नाही." मग त्यांनी फाटकाकडे बघून दिशा ठरवली आणि वधू घरचीच निघाली. स्थळ शोधायलाही बाहेर जावं लागलं नाही.

बाबांना एकच काळजी. "सरकारी नोकराले दोन बायका चालत नाहीत, अक्का. नियम आहे."

"झाडाचं नाव कोण तुमच्या हापिसात नेऊन देऊन राहिलं?" आत्या म्हणाली. "अन् तुळशीचं लग्न लावता तेव्हा बरं नियम आठवत नाही."

काकानं नुसती मान हलवली. मला तेव्हा वाटलं, तो लाजतोय. तो घाबरला होता, हे नंतर कळलं.

एकदा ठरलं म्हटल्यावर आत्यानं काही कमी ठेवलं नाही. तिच्या हिशेबी काम अर्धवट झालं तर अरिष्टही अर्धवट जाणार. रुईचं केळवण झालं. वडाभात, सांभारवडी, चिंचेचं सार, असं सगळं पान मांडून तिच्यापुढे ठेवलं आणि ते कावळ्यांनी वधूपक्षाच्या वतीनं स्वीकारलं. मग हळद लावली. आणि हळद लावली त्या दिवशी आत्यानं दोन हुकूम काढले. हळद लागलेल्या नवरीचं पान कोणी तोडायचं नाही, मारुती आणि गुडघे दोघांनीही आठवडाभर सोसायचं. आणि लग्नघरात जीवहत्या करायची नाही. म्हणजे चिमटा बंद.

हे दोन हुकूम एकाच वेळी काढल्यानं काय होईल, हे घरात फक्त मला ठाऊक होतं, आणि मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं, मला तर पर्वणीच होती. अळ्यांना आयुष्यात पहिल्यांदा कोणी अडवणारं नव्हतं. दोन दिवसांत कोवळी पानं गेली, मग जुनी गेली, मग फुलांकडे मोर्चा वळला. रात्री कुरतडण्याचा आवाज येतो असं आई म्हणायची, पण ती तिची थट्टा असावी. लग्नाच्या आधीच नवरी अशी उघडी पडलेली पाहून आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. "अवं माय, काड्या राहिल्या की वं नुसत्या!" तिनं धावत जाऊन ट्रंकेतली स्वतःच्या लग्नातली हिरवी साडी काढली आणि रुईला चहूकडून गुंडाळली, अगदी बुंध्यापर्यंत. लाज झाकली. अळ्याही आत झाकल्या गेल्या.

रविवारी सकाळी गुरुजी आले. त्यांनी साडीचा पदर जरा बाजूला केला, आत पाहिलं, आणि तो पुन्हा नीट केला.

"पाने नाहीत," ते म्हणाले.

"होती," आत्या म्हणाली.

"पुष्पही नाही."

"गुरुजी, नवरी जशी आहे तशी पदरात घ्यायची असते," आई म्हणाली. ती इतक्या नम्रपणे म्हणाली की गुरुजींना तो टोला कळला नाही. ते म्हणाले, "तेही शास्त्रसंमत आहे," आणि पोथी उघडली. मग साडीला सूत गुंडाळताना त्यांचा हात एकदम थबकला. साडीच्या काठाखाली, निऱ्यांच्या घड्यांत, पोपटी रंगाचे कोष लटकत होते, आणि प्रत्येक कोषावर सोन्याचे बारीक ठिपके. खरोखर सोन्यासारखे, उन्हात चमकणारे. खाऊन खाऊन झाडावर लटकायला पान उरलं नाही म्हणून अळ्यांनी साडीचाच आसरा घेतला होता. आत्यानं वाकून पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा समाधान आलं. "दागिने घेऊन आली पोर," ती म्हणाली. मंगलाष्टकं झाली, गूळभाताचा नैवेद्य झाला. काकानं एकदाही वर पाहिलं नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर हा एक गमतीचा किस्सा झाला असता. पण जेवणं झाल्यावर आत्यानं माजघरातून कोयता आणला आणि काकापुढे ठेवला. तिसरी मरायला हवी. ती मेली तरच अरिष्ट संपलं आणि चौथीचा रस्ता मोकळा झाला. गुरुजींनी असं काही सांगितलं नव्हतं, ते म्हणाले, "ग्रंथात स्पष्ट उल्लेख नाही." पण आत्याच्या सासरच्या गावी तसं करतात, आणि आत्यापुढे ग्रंथाचं काय चालणार? नवऱ्यानं स्वतःच्या हातानं कापायचं, असंही तिनं सांगितलं.

मी तिथेच उभी होते. मी म्हटलं, "आत्या, कोषांत जीव आहे. लग्नघरात जीवहत्या नको, तूच म्हणाली." आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी आईच्या मागे गेले. पण हुकूम तिचाच होता, आणि स्वतःचा हुकूम मोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. "निघू दे ते पाखरं," ती म्हणाली. "मग त्याच दिवशी."

पुढचे काही दिवस आमच्या घरात सगळे साडीकडे बघत होते. मला पाखरं निघायला हवी होती आणि नको होती. काका सकाळी कचेरीत जाण्यापूर्वी फाटकाशी थांबायचा, खाली वाकून कोष बघायचा. मग एका सकाळी कोषांचा पोपटी रंग जाऊन आतला केशरी दिसू लागला, आणि दुपारपर्यंत एकेक करून ती बाहेर आली, ओल्या चुरगळलेल्या पंखांची, साडीलाच धरून वाळत बसलेली. ऊन कलायच्या आत सगळी उडाली. काका घरी आला तेव्हा रिकामी टरफलं लटकत होती. आत्यानं साडी सोडली, घडी केली, आणि कोयता त्याच्या हातात दिला.

त्यानं एक घाव घातला. जोराचा नव्हता. पण रुईला जोर लागत नाही. पांढरं दूध भळाभळा वाहू लागलं, बुंध्यावरून खाली, त्याच्या चपलेवर. काकानं कोयता टाकला आणि तो तिथेच मातीत बसला. आम्ही सगळे पडवीत. मोठा माणूस रडताना मी तोवर पाहिला नव्हता.

"अक्का," तो म्हणाला, "त्या दोघींले तर मी काहीच केलं नव्हतं. तरी लोक म्हणतच होते, यानं खाल्ल्या. आता हिले मी खरंच हातानं मारू काय?"

"नाना, ते झाड आहे गा."

"मग लग्न काहून लावलं?"

 आत्यानं कोयता उचलून धुतला आणि एवढंच म्हणाली की नाही कापली तर रामटेकच्या पोरीचं जे होईल ते त्याच्या कपाळी. त्या रात्री कोणी धड जेवलं नाही. बाबा तेवढे जेवले, बाबांचं काही सांगता येत नसे.

दुसऱ्या दिवशी काका रामटेकला निघाला, मला सोबत घेऊन, कारण लग्नाआधी एकट्यानं जाणं बरं दिसत नाही. बसमध्ये मनसर येईपर्यंत तो चपलेवरचा दुधाचा डाग पुसत होता. शाळेत मधली सुट्टी चालू होती. सुमनबाई व्हरांड्यात आल्या, बोटांना खडू लागलेला, नाकावर चष्मा, पाठीमागे टेकडीवरची देवळं. मला त्यांनी मूठभर फुटाणे दिले आणि काकाला म्हणाल्या, "बोला." काकानं सगळं सांगितलं. केळवण, अळ्या, साडी, कोयता, दूध. काही लपवलं नाही. मला शरमेनं मेल्यासारखं झालं. मला वाटलं, आता या हसणार, किंवा आत निघून जाणार.

त्या हसल्या नाहीत. वर्गात विचारावं तसं विचारलं, "तुमचा विश्वास आहे काय यावर?"

"नाही."

"मग भ्याले काहून?"

काका त्यांच्या खडू लागलेल्या बोटांकडे बघत म्हणाला, "तुम्ही मराल म्हणून."

सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी बाई आत गेल्या नाहीत. पोरं आत गेली, गलका थांबला. मग त्या म्हणाल्या, "मरीन ना, कधीतरी मरीनच. पण एकीले कोयत्यानं तोडून माझ्यासाठी जागा केली, अन् मी त्या फाटकातून हसत आत येऊ? मले नाही जमणार. आज ते नडली म्हणून तिले कापलं, उद्या मी नडीन. तिले राहू द्या, मी येईन. तिले कापलं तर तुम्ही इकडे येऊ नका." आणि माझ्याकडे वळून, "अन् पोरी, पानं फुटतील का गं तिले परत?"

मी म्हटलं, "फुटतात." मला खात्री नव्हती.

लग्न झालं, रामटेकलाच, साधं. आत्या आली. पण वर्षभर तिनं त्या बाईला सुखानं शिंकू दिलं नाही. शिंक आली की काढा, पाय घसरला की दृष्ट. तिच्या हिशेबी तिसरी जिवंत आणि चौथी घरात, म्हणजे अरिष्ट बिनपत्त्याचं फिरतंय. रुईला होळीच्या सुमारास बुंध्यापासून नवे कोंब आले, आणि पाठोपाठ केशरी फुलपाखरंही आली. काकूनं झाडाची वाटणी करून दिली. रस्त्याकडच्या फांद्या मारुतीच्या आणि गुडघ्यांच्या, आतल्या बाजूच्या अळ्यांच्या. आत्या कुरकुरली, पण चिमटा आतल्या बाजूला गेला नाही. काकू मेली नाही. वर्षं गेली, ती मेली नाही. काढे हळूहळू बंद झाले, आणि आत्या तिला "सुमन" म्हणू लागली.

काका गेला तेव्हा काकू साठी ओलांडलेली होती. नातेवाइकांतल्या बायका दहाव्याला आल्या, मोठ्या सोज्वळ चेहऱ्यानं, काकूचं कुंकू पुसायला. असल्या कामाला माणसं कधी कमी पडत नाहीत. काकू पडवीत भिंतीला टेकून बसली होती. एक जण ओला फडका घेऊन पुढे वाकली. काकूनं तिचं मनगट धरलं. आवाज चढवला नाही.

"थांबा. या घरात माझ्यापेक्षा मोठी ते आहे," तिनं फाटकाकडे बोट केलं. "पहिले तिची फुलं तोडून या. मग माझ्या कपाळाले हात लावा."

सगळ्या बाहेर बघू लागल्या. रुई पायापासून शेंड्यापर्यंत फुललेली होती आणि तिच्यावर भुंगे घोंगावत होते. मग सगळ्या आत्याकडे बघू लागल्या. ऐंशीच्या पुढची आत्या खाटेवर बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू, कपाळ एकोणिसाव्या वर्षापासून कोरं. तिच्याइतका या रिवाजाचा अधिकार त्या पडवीत कोणाला नव्हता.

"बरोबर बोलून राहिली सुमन," आत्या म्हणाली. "मोठी तेच आहे. लग्न म्याच लावलं होतं."

बायका हळूहळू खाली बसल्या.